मुदत संपली म्हणजे काय? ‘एक्स्पायरी’ या शब्दाचा एक अभ्यास

ग्रामीण भागातील व्यवहारात जे इंग्रजी शब्द मराठीच्या अंगवळणी पडले आहेत, त्यांत ‘एक्स्पायरी’ हा शब्द अग्रभागी आहे. औषधाच्या दुकानात, वाहन परवान्याच्या खिडकीपाशी, विमा प्रतिनिधीच्या तोंडी, सरकारी टिपणीत आणि न्यायालयाच्या निकालपत्रात हा शब्द सारख्याच सहजतेने वावरतो. सहज वापरला जाणारा शब्द बरोबर समजलेला असतोच असे मात्र नाही. डिचोली तालुक्यातील सुर्ला आणि त्याच्या आसपासच्या गावांनी गेल्या काही वर्षांत या एका शब्दापायी फार मोठी उलथापालथ अनुभवली. ‘खाण बंद झाली’ एवढ्या तीन शब्दांत गावकरी ज्या घटनांचे वर्णन करतात, त्या घटना कायद्याच्या दृष्टीने चार-पाच वेगवेगळ्या प्रकारच्या शेवटांच्या होत्या. या शेवटांतील फरक ध्यानात यावा आणि शाळेत, पंचायतीत व कार्यालयात हा शब्द नेमकेपणाने वापरला जावा, यासाठी त्याचा अर्थ, त्याचे जवळचे शब्द आणि त्याचा प्रत्यक्ष वापर यांचा येथे विचार केला आहे.

शब्दाचे मूळ

‘एक्स्पायर’ हा शब्द लॅटिन भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणे. श्वास बाहेर टाकणे हा त्याचा मूळ अर्थ होय. शास्त्राच्या पुस्तकात श्वसनासाठी येणारा ‘रेस्पिरेशन’ आणि घामासाठी येणारा ‘पर्स्पिरेशन’ हे शब्दही याच कुळातले. अखेरचा श्वास बाहेर पडला की माणूस मरण पावतो, म्हणून ‘एक्स्पायर’ला मरणाचा अर्थ लाभला. माणसाचे आयुष्य जसे ठरलेल्या घटकेला सरते, तसेच कराराचे, परवान्याचे अथवा औषधाच्या गुणाचेही सरते, या कल्पनेने पुढे तो शब्द कागदपत्रांना आणि वस्तूंना लावला जाऊ लागला. मराठीतील ‘प्राण सोडणे’ हा वाक्प्रचार त्याच्या मूळ अर्थाशी अगदी जवळचा आहे. कागदाला लागू होणाऱ्या अर्थासाठी मराठीत ‘मुदत संपणे’ असा सरळ प्रयोग आहे. त्यातील ‘मुदत’ हा शब्द मूळचा अरबी असून तो शतकानुशतके मराठी दप्तरात रुळलेला आहे.

बोलीत हा इंग्रजी शब्द माणसाच्या मृत्यूसाठीही सर्रास ऐकू येतो. ‘आजोबा परवा एक्स्पायर झाले’ असे शिकलेला तरुण म्हणतो. त्यामागे मराठी मनाची एक जुनी सवय आहे. शेवटाचा उच्चार टाळण्याकडे मराठीचा कल पूर्वीपासून आहे. दुकान बंद करताना ‘दुकान वाढवले’ म्हणतात. फुटलेली बांगडी ‘वाढवली’ जाते, देवापुढे नारळही ‘वाढवला’ जातो. घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. अशुभ शब्द ओठांवर येऊ नये म्हणून त्याच्या जागी वाढीचा किंवा परतण्याचा शब्द योजण्याची ही रीत आहे. परक्या भाषेतील शब्दाने मरणाची धार बोथट होते, म्हणूनच ‘एक्स्पायर’ शब्दाला घरात सहज प्रवेश मिळाला असावा. संभाषणात त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. तथापि अर्जात, पंचनाम्यात अथवा वारस नोंदीच्या कागदात ‘मृत्यू’, ‘निधन’ किंवा ‘मयत’ हेच शब्द योग्य होत. तेथे शब्दाच्या सौम्यतेपेक्षा त्याच्या निःसंदिग्धतेला अधिक महत्त्व आहे.

संपणे आणि संपवणे

या शब्दाचे मर्म मराठी व्याकरणाच्या साहाय्याने उत्तम रीतीने समजते. मराठीत ‘संपणे’ हे अकर्मक क्रियापद आहे आणि ‘संपवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप आहे. भात संपतो, मुलगा भात संपवतो. पहिल्या वाक्यात कोणाच्या कृतीचा उल्लेख नाही, दुसऱ्यात कर्ता स्पष्ट आहे. कायद्याच्या व्यवहारात ‘एक्स्पायर’ हा शब्द नेहमी ‘संपणे’ या बाजूचा आहे. ठरलेली मुदत काळाच्या ओघात पुरी झाली आणि कोणी काहीही न करता हक्क संपला, म्हणजे तो ‘एक्स्पायर’ झाला. म्हणून ‘खात्याने परवाना एक्स्पायर केला’ हे वाक्य चुकीचे आहे. खात्याने परवाना रद्द केला असेल किंवा निलंबित केला असेल. एक्स्पायर मात्र तो स्वतःच होतो.

यातून दुसरी एक महत्त्वाची गोष्ट निघते. मुदत संपण्यासाठी नोटिशीची गरज नसते. परवाना रद्द करावयाचा झाल्यास सामान्यतः कारणे दाखवण्याची संधी द्यावी लागते आणि आदेश काढावा लागतो. मुदत संपण्यासाठी यांपैकी काहीच लागत नाही. तारीख उलटली की हक्क गेला. त्या दिवशी घंटा वाजत नाही, टपालाने पत्र येत नाही. मुदतीची तारीख स्वतः लक्षात ठेवण्याची जबाबदारी म्हणूनच हक्कधारकावर असते.

जवळचे शब्द आणि त्यांतील भेद

शेवट दर्शविणारे आणखी काही इंग्रजी शब्द मराठी कारभारात नित्य येतात. त्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येकाचे वेगळेपण पाहू.

लॅप्स : करावयाची गोष्ट वेळेवर न केल्याने जो हक्क गळून पडतो, तो ‘लॅप्स’ होतो. विम्याचा हप्ता सवलतीच्या दिवसांतही भरला नाही तर पॉलिसी लॅप्स होते. आर्थिक वर्षाच्या अखेरीस, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, न वापरलेले अनुदान लॅप्स होते. शासकीय मराठीत यासाठी ‘व्यपगत होणे’ असा शब्द आहे. मुदत संपण्यात कोणाचा दोष असेलच असे नाही. लॅप्स होण्यात बहुधा काहीतरी करावयाचे राहून गेलेले असते.

टर्मिनेशन : कराराच्या दोन पक्षांपैकी एकाने तो कृती करून संपवणे. ठेकेदाराचे काम समाधानकारक नाही म्हणून करार मोडणे किंवा एखाद्याची सेवा समाप्त करणे या गोष्टी येथे येतात. हे ‘संपवणे’ होय.

कॅन्सलेशन : दिलेला हक्क रद्द करणे. तो चुकीने दिला गेला होता किंवा त्याच्या अटींचा भंग झाला, अशा कारणांसाठी हे घडते.

सस्पेन्शन : स्थगिती किंवा निलंबन. हा खरे पाहता शेवटच नव्हे. हक्क कायम असतो, त्याचा वापर तेवढा थांबवलेला असतो. स्थगिती उठली की वापर पुन्हा सुरू होऊ शकतो.

अबॉलिशन : एखाद्या व्यक्तीचा हक्क जाण्यापुरते हे मर्यादित नसते. त्या प्रकारचा हक्कच कायद्याने नाहीसा करणे, असा याचा अर्थ आहे. जमीनदारी व वतने नष्ट करणारे कायदे या वर्गात मोडतात.

डिटर्मिनेशन : या शब्दाचा नित्याचा अर्थ ‘निर्धार’ किंवा ‘निश्चिती’ असा आहे. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १११ मध्ये भाडेपट्टा ज्या ज्या रीतींनी संपतो त्या सांगताना हाच शब्द ‘संपुष्टात येणे’ या अर्थी योजला आहे. ठरलेला काळ सरणे ही त्यांतील पहिलीच रीत होय. शब्दकोशातील पहिला अर्थ घेऊन असा कागद वाचणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो.

क्लोजर : कामाची जागा रीतसर बंद करणे. खाणीच्या बाबतीत खड्ड्यांचे कडे सुरक्षित करणे, टाकाऊ मातीचे ढीग पक्के करणे, पाण्याची व्यवस्था लावणे, झाडे लावणे ही कामे त्यात येतात. कागद एका दिवसात संपतो. क्लोजरला वर्षे लागतात.

सुर्ल्याच्या परिसरातील धडा

गोव्यात सुर्ला नावाची दोन गावे आहेत. एक सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या माथ्यावर, कर्नाटकाच्या सीमेलगत. दुसरे डिचोली तालुक्यात, लोहखनिजाच्या पट्ट्यात. येथे दुसऱ्या सुर्ल्याचा विचार आहे. ‘पट्टा’ या शब्दाचेही दोन अर्थ येथे एकत्र येतात. खनिज असलेला लांबट भूभाग तो पट्टा, आणि तेथे खनिज काढण्याचा सरकारने दिलेला मुदतबंद हक्क तोही पट्टा. पहिल्या पट्ट्याला मुदत नसते. दुसऱ्याला असते, आणि साऱ्या वादाचे मूळ तेथेच आहे.

पोर्तुगीज राजवटीत २० सप्टेंबर १९०६ च्या वसाहती खाण कायद्यानुसार खाणींच्या सवलती दिल्या जात. या सवलती कायमस्वरूपी होत्या. त्यांना अखेरची तारीख नव्हती, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ‘एक्स्पायरी’ हा शब्दच संभवत नव्हता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९५७ चा खाणी व खनिजे अधिनियम १ ऑक्टोबर १९६३ पासून गोव्यात लागू करण्यात आला. या अधिनियमात खाणपट्टा ठरावीक वर्षांचाच असतो. जुन्या, मुदत नसलेल्या सवलतींना हा नवा, मुदतीचा कायदा लागू होतो की नाही, हा प्रश्न न्यायालयात गेला. १९८३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो लागू होत नाही असा निर्णय दिला.

त्यानंतर संसदेने १९८७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्याच्या नावातच ‘अबॉलिशन’ हा शब्द आहे. त्याला २३ मे १९८७ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. गोवा घटक राज्य झाले ते ३० मे १९८७ रोजी, म्हणजे अवघ्या एका आठवड्याने; म्हणून त्या कायद्याच्या नावात अजूनही ‘गोवा, दमण आणि दीव’ असाच उल्लेख आहे. या कायद्याने खाण सवलती नाहीशा करून त्या २० डिसेंबर १९६१ पासून खाणपट्टे होत्या असे मानण्यात आले. ‘मानण्यात आले’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. इंग्रजीत यासाठी ‘डीम्ड’ आणि शासकीय मराठीत ‘मानीव’ असा शब्द आहे. प्रत्यक्षात जे तसे नव्हते, ते कायद्यापुरते तसे आहे असे धरून चालणे, म्हणजे मानीव.

अशा रीतीने मुदत नसलेल्या हक्काला मुदत जडली. कायद्याने या मानीव पट्ट्यांना संमतीच्या तारखेपासून सहा महिन्यांचा काळ दिला. तो २२ नोव्हेंबर १९८७ रोजी सरला. पुढे नूतनीकरण झाले. पहिल्या नूतनीकरणाची कमाल मर्यादा वीस वर्षांची होती, ती २२ नोव्हेंबर २००७ रोजी पुरी झाली. दुसऱ्या नूतनीकरणाचे अर्ज झाले होते, परंतु त्यांवर निर्णय झालेला नव्हता. अर्ज प्रलंबित असेपर्यंत पट्टा चालू मानावा, अशी नियमात एक तरतूद होती. तिच्या आधारावर उत्खनन चालू राहिले. डिचोली, साखळी, पाळी, वेळगे, सुर्ला या भागांत ट्रकांच्या रांगा, नदीकाठचे धक्के आणि मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या बार्जी पूर्वीसारख्याच दिसत होत्या. मुदत संपली आहे अशी शंका रस्त्यावरच्या माणसाला येण्याचे काही कारण नव्हते.

एकाच ‘बंद’मधील अनेक शेवट

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य शासनाने खाणकाम थांबवले, आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ते थांबवण्याचा आदेश दिला. ही स्थगिती होती, म्हणजे ‘सस्पेन्शन’. त्या वेळी पुष्कळांची समजूत अशी झाली की काही महिन्यांत ती उठेल आणि पूर्ववत कामे सुरू होतील. स्थगितीविषयी तशी समजूत होणे स्वाभाविक होते.

२१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला तो मात्र वेगळ्या शब्दावर उभा होता. मानीव पट्टे २२ नोव्हेंबर १९८७ रोजी आणि त्यांचे वीस वर्षांचे कमाल नूतनीकरण २२ नोव्हेंबर २००७ रोजी ‘एक्स्पायर’ झाले, असे न्यायालयाने म्हटले. दुसऱ्या नूतनीकरणासाठी शासनाने खनिज विकासाच्या हिताचा विचार करून कारणे नोंदवणे अधिनियमाने आवश्यक केले होते. म्हणून केवळ अर्ज प्रलंबित आहे एवढ्यावर मानीव मुदतवाढ मिळू शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्यामुळे २२ नोव्हेंबर २००७ नंतर पट्टाधारकांनी केलेले उत्खनन बेकायदा ठरले. न्यायालयाने पट्ट्यांची मुदत संपवली नाही. ती सुमारे साडेसहा वर्षांपूर्वीच संपली होती, एवढे त्याने सांगितले. संपणे आणि संपवणे यांतील फरक येथे किती मोठा ठरला हे पाहण्यासारखे आहे.

त्या एका तारखेचे परिणाम पट्टाधारकांपुरते मर्यादित राहिले नाहीत. खाणींच्या आवारात, साठवणीच्या जागी व धक्क्यांवर पडलेले खनिज कोणाचे, हा प्रश्न त्या तारखेने सोडवला. तो माल राज्याचा ठरून त्याचा ई-लिलाव झाला. पुढील खनिज विक्रीच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावी, असाही आदेश झाला. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, ज्यांची गॅरेजे, खानावळी आणि किराणा दुकाने ट्रकांच्या फेऱ्यांवर चालत होती, त्यांच्या हप्त्यांच्या तारखा मात्र थांबल्या नाहीत. पट्ट्याची मुदत सरली तरी कर्जाची मुदत चालूच होती. दुसरीकडे, खाणीची माती शेतात व ओहोळात उतरल्याने ज्यांचे पीक गेले होते, त्यांना याच बंदीत दिलासा वाटला. एकाच घटनेकडे एकाच गावातील माणसे दोन रीतींनी पाहत होती, आणि दोघांच्याही बोलण्यात शब्द एकच होता : ‘बंद’.

यानंतर राज्य शासनाने ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नूतनीकरणे रद्द ठरवली आणि १५ मार्च २०१८ नंतर उत्खनन करू नये असे सांगितले. हा शेवट एक्स्पायरीचा नव्हता. दिलेली गोष्ट चुकीच्या रीतीने दिली म्हणून ती रद्द झाली होती.

दरम्यान २०१५ मध्ये खाणी व खनिजे अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. नवे पट्टे पन्नास वर्षांचे, आणि ती मुदत संपल्यावर नूतनीकरण न होता लिलाव, असे धोरण आले. तेव्हा आणखी एक प्रश्न पुढे आला. पन्नास वर्षे मोजावयाची तर कोठून? १९६१ पासून मोजली तर ती २०११ मध्येच सरतात. १९८७ पासून मोजली तर २०३७ पर्यंत चालतात. पट्टाधारकांची दुसऱ्या गणनेची मागणी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मान्य झाली नाही. मे २०२२ मध्ये राज्याच्या खाण खात्याने जुन्या ८८ पट्ट्यांच्या धारकांना जागा रिकाम्या करण्याचे आदेश काढले. हक्क संपल्यावर ताबा सोडावा लागतो, हा भाडेपट्ट्याच्या कायद्यातला जुनाच नियम येथे दिसतो. डिसेंबर २०२२ पासून नव्या खाण गटांचे लिलाव सुरू झाले. २०२३ मधील लिलावांत ‘सुर्ला–सोनशी’ या नावाचा गटही होता.

स्थगिती, मुदत संपणे, रद्द होणे, ताबा सोडणे आणि नव्याने देणे असा हा क्रम आहे. पहिल्या टप्प्यावर वाट पाहणे शहाणपणाचे होते. दुसऱ्या टप्प्यानंतर जुन्या हक्काची वाट पाहण्यात अर्थ राहिला नव्हता, कारण संपलेला पट्टा स्थगितीसारखा ‘उठत’ नाही. पुन्हा काम व्हावयाचे तर नवा हक्कच द्यावा लागतो. कोणता शेवट झाला आहे हे वेळेवर समजले तर पुढची पाच वर्षे कशी काढावयाची याचा निर्णय वेगळा होऊ शकतो. ट्रक विकावा की ठेवावा, मुलाला कोणत्या धंद्यात घालावे, पडीक शेत पुन्हा कसावे की नाही, हे प्रश्न शेवटी शब्दाच्या अर्थाशी येऊन भिडतात.

आणखी एक गोष्ट. पट्ट्याची मुदत संपली म्हणजे खाणीचे ‘क्लोजर’ झाले असे नव्हे. खोल खड्ड्यात साठलेले पाणी, उताराच्या कडेला उभे असलेले मातीचे ढीग आणि पावसाळ्यात शेताकडे वाहणारा गाळ यांना कागदावरची तारीख कळत नाही. या कामांसाठी खाण बंद करण्याचा आराखडा कायद्याने आवश्यक केलेला आहे. ग्रामसभेत विचारावयाचा प्रश्न ‘मुदत संपली का’ एवढाच नसावा. ‘बंद करण्याची कामे कोणती व ती कोणाकडे आहेत’ हाही असावा.

दैनंदिन व्यवहारातील उपयोग

हाच विचार घरगुती आणि कार्यालयीन बाबींनाही लावता येतो.

औषधाच्या वेष्टनावर मुदत महिना आणि वर्ष यांनी दाखवलेली असते. तिचा अर्थ त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत असा होतो. ‘जून’ छापले असेल तर औषध ३० जूनपर्यंत वापरण्यास योग्य समजावे. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ अशी तारीख असेल तर ती सुरक्षिततेची मर्यादा होय; त्यानंतर तो पदार्थ खाऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चव, वास व दर्जा यांच्या उत्तम अवस्थेची असते. दोन्हींचा अर्थ एकच समजणे चूक आहे.

वाहन चालवण्याच्या परवान्याबाबत २०१९ च्या दुरुस्तीने महत्त्वाचा बदल झाला. पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस परवाना चालू समजला जाई. ती सवलत काढून टाकण्यात आली. मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. त्याहून अधिक उशीर झाल्यास पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत संपल्यानंतर अर्ज करता येतो, याचा अर्थ त्या काळात वाहन चालवता येते असा मात्र नव्हे.

पंचायतीच्या संदर्भात संविधानाच्या कलम २४३-ई मध्ये दोन प्रकारचे शेवट शेजारी-शेजारी आले आहेत. पंचायतीची मुदत पहिल्या सभेच्या तारखेपासून पाच वर्षांची असते, त्याहून अधिक नाही, आणि ही मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी व्हावी लागते. येथे ‘एक्स्पायरी’ आहे. पंचायत मुदतीआधी विसर्जित झाली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. हे ‘डिझोल्यूशन’ होय. पहिल्यात काळ संपतो, दुसऱ्यात संस्था संपवली जाते.

मुदतीच्या अखेरच्या दिवशी कार्यालय बंद असल्यास काय करावे, असाही प्रश्न वारंवार येतो. केंद्रीय कायद्याखाली न्यायालयात किंवा कार्यालयात करावयाची गोष्ट अशा वेळी पुढच्या कामाच्या दिवशी केली तरी ती मुदतीत केली असे समजले जाते; १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमात तशी तरतूद आहे. खाजगी करारांना हाच नियम आपोआप लागू होईल असे मात्र गृहीत धरू नये. करार लिहिताना ‘तीन वर्षांसाठी’ एवढेच न लिहिता पहिली व शेवटची, अशा दोन्ही तारखा अंकांत आणि अक्षरांत लिहाव्यात. वर्षे कोठून मोजावयाची यावरून मोठमोठे वाद होतात, हे वरच्या उदाहरणावरून दिसतेच.

मराठी प्रतिशब्दांचा वापर

लिखाणात पुढील प्रतिशब्द सोयीचे व अर्थवाही ठरतील. क्रियेसाठी ‘मुदत संपणे’. विशेषणासाठी ‘मुदतबाह्य’, उदाहरणार्थ मुदतबाह्य औषध. नामासाठी ‘मुदत समाप्ती’, उदाहरणार्थ मुदत समाप्तीचा दिनांक. ‘कालबाह्य’ हा शब्द येथे योजू नये. जुनाट किंवा आजच्या काळाला न शोभणारे, असा त्याचा अर्थ आहे. कालबाह्य रूढी असते, परवाना मुदतबाह्य असतो. ‘संपुष्टात आणणे’ हा प्रयोग कर्ता असेल तेथेच करावा. ‘सांगता’ हा शब्द समारंभाच्या मंगल शेवटासाठी, ‘उद्यापन’ व्रताच्या पूर्ततेसाठी राखून ठेवावा. बोलताना ‘एक्स्पायरी’ शब्द वापरण्यास प्रत्यवाय नाही, मात्र तो वापरताना त्यात कर्ता नसतो हे विसरू नये.

अभ्यासासाठी वाक्ये

शिक्षकांनी वर्गात आणि ग्रामसेवकांनी प्रशिक्षण वर्गात पुढील वाक्ये तपासून घ्यावीत. प्रत्येक वाक्यातील शेवट कोणत्या प्रकारचा आहे, हे विद्यार्थ्यांनी आधी ओळखावे आणि मग खालील उत्तरे पाहावीत.

१. दुकानाचा भाडेकरार ३१ डिसेंबरला पुरा झाला आणि कोणीही नोटीस दिली नाही.
२. पाण्याच्या टाकीसाठी आलेले अनुदान ३१ मार्चपर्यंत खर्च झाले नाही.
३. अटी मोडल्या म्हणून ठेकेदाराचा करार पंचायतीने सहा महिने आधीच मोडला.
४. चौकशी पुरी होईपर्यंत रेशन दुकानाचा परवाना थांबवून ठेवण्यात आला.
५. पट्टा संपल्यावर खड्ड्याभोवती कुंपण घालून मातीच्या ढिगावर झाडे लावण्यात आली.
६. खात्याने माझा परवाना एक्स्पायर केला.

उत्तरे : पहिल्या वाक्यात मुदत संपली आहे. दुसऱ्यात अनुदान व्यपगत झाले आहे. तिसऱ्यात करार संपुष्टात आणला आहे. चौथ्यात निलंबन आहे. परवाना अजून जिवंत आहे. पाचव्यात खाण बंद करण्याचे काम आहे, पट्ट्याच्या मुदतीहून ते निराळे. सहावे वाक्य दुरुस्त करावयाचे आहे. तारीख उलटली असेल तर ‘माझ्या परवान्याची मुदत संपली’ असे, आणि खात्याने आदेश काढला असेल तर ‘खात्याने माझा परवाना रद्द केला’ असे लिहावे. या दोन वाक्यांपैकी खरे कोणते, हे ठरल्याशिवाय पुढचा अर्ज नूतनीकरणाचा करावयाचा की अपिलाचा, हे ठरवता येत नाही.